एसटी, वडाप आणि शिकागोची ती रात्र

नमस्कार मंडळी, चहा घेतला असेल तर बसा, नसेल घेतला तर गॅसवर ठेवून या, मी थांबतो. आजचा विषय विमानाचा आहे. विमान उडतं कसं हा नाही, ते इंजिनिअर लोक सांगतील. विमान चालवायचं कुणी हा आहे, आणि ह्यावरनं अमेरिकेत गेली तीस वर्षं भांडण चाललंय. दोनच गोष्टी डोक्यात ठेवा, सीट किती आणि चालवणार कोण. परत सांगतो, सीट किती आणि चालवणार कोण.

तर १९९७ साल. मी शिकागोला शिकत होतो आणि डेव्हन ॲव्हेन्यूच्या बाजूला एका घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. खाली एक काका राहायचे, मूळचे कराडचे. एसटीत ड्रायव्हर होते, अकरा वर्षं कराड डेपोला, मग मेव्हण्याच्या मागे लागून अमेरिकेत आले आणि टॅक्सी चालवायला लागले. माणूस असा की शिकागोतसुद्धा सिग्नलला थांबले की "मागनं येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचे, सवय. चौदा फेब्रुवारी, शुक्रवार, व्हॅलेंटाइन डे. (आमच्या वेळी हे नव्हतं बरं का, आम्ही मुलींना तिळगूळ द्यायचो तेवढंच धाडस.) काका संध्याकाळी वर आले आणि म्हणाले, "चल पोरा, आज एअरपोर्टला तमाशा हाय, बघायला चल." मी आपला स्वेटरवर स्वेटर चढवून निघालो.

तमाशा म्हणजे काय, तर अमेरिकन एअरलाइन्सच्या नऊ हजारच्या वर पायलटांनी संपाची नोटीस दिलेली, रात्री बाराचा ठोका पडला की संप. पण बारा वॉशिंग्टनचे, म्हणजे शिकागोचे अकरा. ओहेअरला पोचलो तर बाहेर फुटपाथवर पायलट लोक युनिफॉर्ममध्ये गोल गोल फिरतायत, टोपी नीट, बूट पॉलिश केलेले, हातात बोर्ड. कुणी ओरडत नाही, कुणी घोषणा देत नाही. मला काही कळेना. आपल्याकडे संप म्हटलं की ढोल, हलगी, पुढाऱ्याच्या नावानं बोंब. हे तर वरातीतले व्याही वाटत होते.

काकांनी टॅक्सी रांगेत लावली, थर्मासमधला चहा ओतला (आलं घातलेला, एअरपोर्टचा तो कागदी कपातला पाण्यात बुडवलेल्या पुडीचा चहा मी आजही घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका) आणि मी विचारलं, "काका, ह्यांना पगार कमी आहे का हो?" काका म्हणाले, "पगार बक्कळ हाय. पगाराचंबी थोडं हाय, पण मेन भांडण येगळंच हाय. कंपनी छोटी जेट इमानं आणतीय, आन ती चालवायला ह्यांना देत न्हाई, तिच्याच दुसऱ्या छोट्या कंपनीच्या पोरांना देतीय, कमी पगारात." मग घोटभर चहा घेतला आणि जे बोलले ते मी गेली पंचवीसहून जास्त वर्षं जिथे तिथे सांगत आलोय. "आरं, हा एसटी आन वडापचा तंटा हाय."

बघा, झालं की नाही अर्धं भाषण तिथेच. ज्यांना वडाप माहीत नाही त्यांनी सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या कुणालाही विचारा. स्टँडच्या बाहेर जीप उभी, बाराजण भरले की निघाली. गाडी छोटी, खर्च कमी, ड्रायव्हर स्वस्त. आणि एसटीच्या ड्रायव्हरला भीती एकच, की आज वडाप वाठार-उंडाळेला जातंय, उद्या पुण्याला जाईल, मग माझं काय. फक्त इथे गंमत अशी की एसटीनंच वडाप काढलेलं, आणि वर वडापलाही एसटीचाच लाल रंग दिलेला. छोट्या कंपनीचं नाव अमेरिकन ईगल. तेव्हा त्यांच्याकडे पंख्याची विमानं होती आणि आता ६७ जेट घ्यायचं ठरत होतं. पायलट म्हणत होते जेट आहे ना, मग ते आमचं. कंपनी म्हणत होती आमच्या पगारपत्रकात ते परवडत नाही. सीट किती, चालवणार कोण.

अकरा वाजले. काकांनी रेडिओचा आवाज वाढवला. मोबाईल कुठे होते तेव्हा, रेडिओच, आणि मी काही रेडिओवाला आहे म्हणून सांगत नाही पण असली रात्र रेडिओवरच ऐकावी, टीव्हीवर नुसती तोंडं दिसतात. बातमी आली, संप सुरू. टॅक्सीवाले सगळे खिडक्या खाली करून एकमेकांशी बोलायला लागले, त्या थंडीत. एक पंजाबी, एक नायजेरियन, एक आमचे कराडचे, सगळ्यांचा हिशोब एकच, उद्यापासून धंदा बसला. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील, चहाचा दुसरा कप संपला नव्हता, आणि परत बातमी, प्रेसिडेंट क्लिंटननी संप थांबवला. संपला संप! अकरा वर्षं एसटीत काढलेला माणूस, काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाले, "आरं आमच्या संपाला डेपो म्यानेजरबी येत नव्हता, ह्यांच्याकडं डायरेक्ट राष्ट्रपती?"

आता हे कसं झालं ते थोडक्यात. अमेरिकेत विमानवाल्यांच्या संपाला रेल्वेचा कायदा लागतो, १९२६ चा, विमान कंपन्या त्यात १९३६ ला घातल्या. आधी सरकारी मध्यस्थ, तो थकला की तीस दिवस डोकं थंड करायला, तरी नाही जमलं तर संप, आणि तिथेही प्रेसिडेंट बोर्ड नेमून साठ दिवस संप अडवू शकतो. तेच झालं. पुढे मे महिन्यात पायलटांनी करार मान्य केला, छोटी जेट छोट्या कंपनीकडेच गेली पण त्यांच्यावर मर्यादा आल्या, आणि तिथल्या पायलटांना मोठ्या कंपनीत जायची वाट मिळाली.

ह्या मर्यादेच्या कलमाला तिकडे स्कोप क्लॉज म्हणतात. सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या करारात आहे. आज साधारण हिशोब असा की भाड्याच्या छोट्या कंपनीनं उडवायचं विमान ७६ सीटच्या वर नको आणि वजन ८६,००० पौंडांच्या वर नको, म्हणजे ३९ टन धरा. परत सांगतो, ७६ सीट, ३९ टन. ह्या दोन आकड्यांनी काय काय केलं बघा. एम्ब्राएर १७५ विमानात ८८ माणसं बसतात, अमेरिकेत ७६ बसवतात. त्याचंच नवीन, कमी तेल खाणारं मॉडेल आलं, पण इंजिनं जड, वजनात बसेना, तिकडे कुणी घेईना. जपानच्या मित्सुबिशीनं तर अख्खं नवीन विमान बनवलं, त्याचंही तेच दुखणं, बाकीच्याही अडचणी होत्या, आणि २०२३ ला त्यांनी तो नाद सोडला. आणि युनायटेड एअरलाइन्सनं २०१९ ला काय केलं, सत्तर सीटच्या विमानातनं वीस सीट काढून टाकल्या, पन्नासच ठेवल्या, रिकाम्या जागेत बॅगांची कपाटं आणि खाऊचं शेल्फ लावलं, कारण पन्नासवाली विमानं करारात जास्त ठेवता येतात. आमच्या वडापवाल्याला सांगा बाबा गाडीतली सीट काढ, तो टपावर अजून दोन बसवील.

छोट्या कंपन्यांचे पायलट गप्प बसले असं नाही. डेल्टा ह्या मोठ्या कंपनीच्या मालकीची कॉमएर, सिनसिनाटीची, तिथले पायलट २६ मार्च २००१ ला संपावर गेले ते ८९ दिवस. तेव्हा कुणी राष्ट्रपती आला नाही. पगार वाढले, पण ती कंपनीच २०१२ ला बंद झाली. २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, पन्नास माणसं गेली. तिकिटावर नाव मात्र कॉन्टिनेंटल ह्या मोठ्या कंपनीचं होतं. चौकशीत निघालं की को-पायलट रात्रभर प्रवास करून सिॲटलहून न्यूअर्कला ड्युटीवर आली होती. त्यानंतर कायदा आला, को-पायलटलाही साधारण १५०० तास उडवलेले हवेत, आणि तिकीट विकतानाच सांगायचं की विमान खरं कोण चालवणार. तुमची पोरं तिकडे असतील तर तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' शोधायला सांगा. मग पायलट मिळेनात, आणि २०२२ ला अमेरिकन एअरलाइन्सच्याच छोट्या कंपन्यांनी नवीन को-पायलटला तासाला ९० डॉलर देऊ केले. (पायलटांच्या ताशी पगारावर मला अजून बोलायचंय, विमानाचं दार बंद झाल्यावर मीटर सुरू होतं म्हणे बहुतेक ठिकाणी, पण ते पुढच्या वेळी.)

हां, तर ती रात्र राहिली.

संप मिटला, फुटपाथवरचे पायलट पांगले, आणि आमचा नंबर लागला. टॅक्सीत एक पोरगा बसला, पंचवीस-सव्वीसचा, युनिफॉर्मचा कोट हाताला लांब, आणि काखेत उशी. खरंच उशी, अभ्र्यासकट. कुठल्याशा छोट्या कंपनीचा को-पायलट, पंख्याचं विमान चालवणारा. काकांनी विचारलं, संप मिटला, खूश का? तो म्हणाला, "त्यांचा संप, त्यांचं विमान. मला कुणी विचारलं नाही." एअरपोर्टपासून दहा मिनिटांवर एक फ्लॅट होता, आठ पायलटांत मिळून, बंक बेड, ज्याची ड्युटी संपली तो येऊन पडणार, उशी आपापली. पहाटे पाचला परत ड्युटी. बोलता बोलता झोपला तो, उशी मांडीवर.

उतरताना त्यानं पाकीट काढलं आणि मीटरकडे बघितलं. काकांनी मीटर टाकलंच नव्हतं. तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, वडापला शिव्या घालत होता की तुम्ही मघाशी." काकांनी गाडी रिव्हर्सला घेतली आणि म्हणाले, "शिव्या मालकाला. ड्रायव्हरकडनं काय घ्यायचं?"

चला, आठच्या बातम्या आल्याच, उद्या भेटू.