पचमढीला जाताय? एक दिवस मढईसाठी ठेवा

नमस्कार मंडळी. थंडी पडायला लागली की आपल्या इंदूरात घरोघरी एकच बोलणं, पचमढीला कधी निघायचं, आणि मग दोन दिवसांत बी फॉल, हांडी खोह, जटाशंकर, संध्याकाळी धूपगडचा सनसेट, असं सगळं पळत पळत उरकून सोमवारी ऑफिसला हजर. मी पण कितीतरी वर्षं असंच केलं. धूपगड बघाच, 1352 मीटर, आपल्या मध्यप्रदेशातलं सगळ्यात उंच शिखर आहे ते. पण यंदा एक दिवस जास्त काढा आणि सोहागपूरकडून मढईला, म्हणजे सातपुडा नॅशनल पार्कच्या दाराशी, जा.

तिथं आधी होडीनं देनवा नदी ओलांडायची, तवा धरणाचं पाणी इथवर पसरलंय, सकाळी त्यावर नुसतं धुकं असतं, आणि पलीकडे जिप्सी उभी. सातपुडा नॅशनल पार्क 1981 सालचं, पण त्याला लागूनचं बोरीचं जंगल 1865 पासून राखीव आहे, केवढे साग असतील विचार करा! वर पचमढीला मात्र साल, एकाच डोंगरात दोन्ही झाडं.

वाघ दिसेल का, हे सगळे आधी विचारतात. आम्हाला नाही दिसला. गवे दिसले, आणि एका ठिकाणी गाइडनं गाडी बंद करायला लावली, वर बघा म्हणाला, तर शेकरू, मोठी खार! तांबूस-काळी, झुपकेदार शेपटी अंगापेक्षा लांब, या झाडावरून त्या झाडावर पंधरा-वीस फुटांची उडी. इंजिन चालू असतं ना, तर फांदीचा आवाजही आला नसता. म्हणून म्हणते, जमलं तर गाइडबरोबर पायी फिरायचं परमिट घ्या, इथं ते मिळतं, आणि मुलांना मोबाईल खिशात ठेवायला सांगा. पहाटे गारठा फार असतो, कानटोपी न्याच. पावसाळ्यात सफारी बंद.

आमची आजी नागपूरकडची. ती पचमढी म्हणायचीच नाही, मोठा महादेव म्हणायची. नागपंचमीला नागद्वारीची यात्रा भरते, विदर्भातून आजही हजारो लोक येतात, तो जंगलातला रस्ता वर्षातून त्या थोड्या दिवसांपुरताच उघडतो. आजी तो सगळा पायी चालून आली होती, पावसात, घसरत, दरीच्या कडेनं. वाघ तिलाही दिसला नव्हता, पण झाडावरच्या त्या लांब शेपटीवालीची गोष्ट रात्री आम्ही तिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकायचो.