बोनाफाईड काढलंस का?

ग्रँट रोड स्टेशनला उतरून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण कॉम्प्युटर घ्यायला येणारा माणूस लॅमिंग्टनच म्हणतो. ॲडमिशनच्या सीझनला इथे बघा, पोरगा किंवा पोरगी, सोबत वडील, बजेट घरूनच ठरवून आलेलं, आणि मग रॅम किती, एसएसडी किती, यावर घासाघीस. शेवटी दुकानदार थोडे पैसे सोडतो, बॅग आणि माऊस वर देतो, सगळे खूश.

पण त्या लॅपटॉपमध्ये पुढे टाकणार काय? हॉस्टेलवर विचाराल तर सिनियरचा पेनड्राईव्ह आणि त्यातलं क्रॅक केलेलं ऑटोकॅड (ड्रॉइंग आणि प्लॅन काढायचं सॉफ्टवेअर), म्हणजे आधी अँटिव्हायरस बंद करा मग इन्स्टॉल करा, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री मशीन बसलं की रडा. जीव तुटतो हे बघून, कारण तेच ऑटोकॅड ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्याला स्वतःहून फुकट देते! वर्षभराचं लायसन्स, शिकताय तोवर दरवर्षी रिन्यू करायचं. जेटब्रेन्स कंपनीचं पायचार्म, इंटेलिजे, म्हणजे प्रोग्राम लिहायची सॉफ्टवेअर, तेही तसंच. गिटहब, म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवायची साइट, तिचं स्टुडंट डेव्हलपर पॅक, म्हणजे विद्यार्थ्यांना फुकट मिळणारा टूल्सचा गठ्ठा, तर २०१४ पासून आहे आणि त्याला डिग्रीच पाहिजे असं काही नाही, डिप्लोमावाल्यांनाही मिळतं. कंपन्यांचा हिशोब सरळ आहे, कॉलेजात ज्यावर हात बसला तेच पोरं उद्या नोकरीत मागणार. असू दे, आपलं काम होतंय ना.

गाडी अडते ती व्हेरिफिकेशनला, म्हणजे आपण खरंच विद्यार्थी आहोत हे कंपनीला दाखवताना. कॉलेजने स्वतःच्या डोमेनचा ईमेल आयडी दिला असेल तर बऱ्याच ठिकाणी काम पटकन होतं, आणि मायक्रोसॉफ्टचं वेबवरचं वर्ड-एक्सेलही फुकट मिळू शकतं. पण आपल्याकडे कितीतरी कॉलेजं तो देतच नाहीत, मग आयकार्डचा फोटो अपलोड करा. आता आयकार्डवर नाव असतं आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि अकाउंटवर आपण टाकलेलं असतं नुसतं नाव-आडनाव, किंवा टोपणनाव. वर कार्डावर चालू वर्षाची तारीख नाही, लॅमिनेशनवर फ्लॅश चमकलेला. झालं, रिजेक्ट. पोरं इथेच सोडून देतात आणि परत पेनड्राईव्ह.

सोडू नका हो. ऑफिसात अर्ज टाका, बोनाफाईड, म्हणजे इथे शिकतोय असा कॉलेजचा दाखला, काढा, इंग्रजीत, त्यावर पूर्ण नाव, कॉलेजचं नाव, चालू शैक्षणिक वर्ष आणि तारीख पाहिजे. अकाउंटवरचं नाव त्याच्याशी जुळवून घ्या, उजेडात फोटो काढा आणि परत टाका. कॉलेजांनाही हात जोडून सांगणं आहे, प्रवेशाच्या दिवशी आयकार्डसोबत ईमेल आयडी पण द्या, खेड्यातून आलेल्या पोराला त्याचा फार आधार होतो.

हार्डवेअरचं जरा वेगळं आहे. ॲपलची विद्यार्थ्यांसाठीची किंमत मॅक आणि आयपॅडला आहे, आयफोनला नाही. बाकी लॅपटॉपांवर स्टुडंट ऑफर दिसली तरी तोच मॉडेल नंबर दुकानात विचारा, दिवाळी सेलमध्ये कार्डाची सूट धरून कधीकधी तिथेच स्वस्त पडतो. फोटोशॉपवाल्या ॲडोबीसारख्या सबस्क्रिप्शनला पहिल्या वर्षानंतर दर वाढतो का, ते पैसे भरायच्या आधी वाचा.

आणि एक, ऑटोडेस्कचं हे लायसन्स शिकण्यापुरतंच आहे. त्यावर बाहेरच्या बिल्डरचे प्लॅन काढून पैसे घेता येत नाहीत.