बर्फातलं काळीज

बर्फाचं खोकं. आत पिशवीत पिशवी, आणि अगदी आतल्या पिशवीत दात्याचं यकृत, दुसऱ्या रुग्णाला बसवायचं. रंग मातकट. रक्त धुऊन काढलंय, त्याच्या जागी थंड द्रावण. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी १९८०च्या दशकात असं द्रावण बनवलं. त्याआधी ६-८ तासांत यकृत बसवायची घाई असे. द्रावण आलं आणि सर्जनांची निदान रात्रीची धावपळ कमी झाली.

पण ४ अंशांवर यकृत गप्प असतं. दात्याचं वय जास्त, यकृतात चरबी फार, किंवा हृदय थांबून वेळ गेलेला. अशा वेळी सर्जन ते हातात घेतो, बोटांनी दाबून बघतो. हात अनुभवी, तरी अंदाजच. शंका आली की यकृत बाद.

आता हे यंत्र बघा. ऑक्सफर्डच्या पीटर फ्रेंड आणि कॉन्स्टंटिन कुसिओस यांचं. २०१३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात ते पहिल्यांदा रुग्णासाठी वापरलं गेलं. एक नळी यकृताच्या धमनीत, दुसरी आतड्यांकडून येणाऱ्या शिरेत. पंप सुरू. रक्त ३७ अंशांवर.

रंग बघत राहा.

मातकट होतं ते तांबूस होतंय. काळीज म्हणताना आपण हात छातीवर नेतो. मटणाच्या दुकानात मात्र कलेजी मागितली की यकृतच मिळतं.

ही पित्ताची नळी. टोकाशी हिरवट-सोनेरी थेंब.

सिरिंजमध्ये घेतलंय ते तपासणीचं रक्त. त्यातलं लॅक्टेट मोजायचं. दमलेल्या स्नायूंत तयार होतं, तेच हे. चालतं यकृत ते वापरून टाकतं, म्हणून आकडा उतरायला हवा. बर्मिंगहॅमच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयातल्या चाचणीत अट होती: ४ तासांत लॅक्टेट लिटरमागे २.५ मिलिमोलपर्यंत. शिवाय पित्त, साखर, आम्लता, रक्तप्रवाह अशा खुणांपैकी किमान दोन.

त्या चाचणीतली ३१ यकृतं सगळ्या प्रत्यारोपण केंद्रांनी नाकारलेली होती. २२ पास झाली, बसवली. ९० दिवसांनी बावीसही रुग्ण हयात होते. पुढे चौघांच्या पित्तनलिका आकसल्या, त्यांना दुसरं यकृत लागलं.

इथे लॅक्टेट ३.८. २.९. २.१.

पंप बंद. नळ्या निघतात. पुन्हा थोडं गार द्रावण, आणि दोन हातांच्या ओंजळीत यकृत शेजारच्या टेबलाकडे.