निवडुंगाची भावकी

खडकवासल्याच्या पुढे, सिंहगडाकडे जाताना एका शेताच्या बांधावर थांबलोय, सकाळचे सात वाजलेत. समोर दोन झाडं आहेत, एक फड्या आणि शेजारी तीनधारी, आपल्याकडे दोघांनाही निवडुंगच म्हणतात, कारण दोन्ही जाड, हिरवी, काटेरी, आणि भर मे महिन्यातही टवटवीत.

आता जवळून बघा. तीनधारीला नखानं जरासं ओरखडलं की लगेच दुधासारखा चीक येतो, तो डोळ्याला लागू देऊ नका, भयंकर झोंबतो. फड्यातून मात्र नुसतं बुळबुळीत पाणी. तीनधारीचे काटे जोडीजोडीनं येतात, फड्याचे एकेका ठिपक्यातून झुबक्यानं. फुलांचं तर विचारूच नका, फड्याचं मोठं पिवळंधमक, मग त्याची लाल बोंडं होतात, आणि तीनधारीचं इतकं बारीक की शोधावं लागतं.

कारण ही दोन वेगळी घराणी आहेत. तीनधारी एरंडाच्या कुळातला, आणि फड्या खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेतला. पाऊस कमी पडतो तिथे पानं ठेवणं परवडत नाही, मग पाणी खोडात साठवायचं आणि अन्नही हिरव्या खोडातच बनवायचं, ही युक्ती दोन्ही घराण्यांना आपापली, वेगवेगळी सापडली, म्हणून चेहरा सारखा झाला, रक्ताचं नातं जवळचं नसताना.

मग वर्गीकरण कशावरून करायचं? लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1753 साली मुख्यतः फुलातले पुंकेसर मोजून वनस्पतींचे गट पाडले. ओळख पटवायला सोयीचं होतं ते, पण नाती त्यातून कळत नव्हती. 1859 मध्ये डार्विननं म्हटलं की खरं वर्गीकरण म्हणजे वंशावळच, आणि माझ्या मते जीवशास्त्रातला सगळ्यात सुंदर विचार हाच आहे, कारण तेव्हापासून कुळ म्हणजे कपाटातला कप्पा राहिला नाही, एकाच पूर्वजाची लेकरं असा त्याचा अर्थ झाला.

ही वंशावळ अजून दुरुस्त होतेय. आपला आवळा कितीतरी वर्षं पुस्तकांत एरंडाच्या कुळात होता, डीएनए वाचायला लागल्यावर तो वेगळ्या कुळात गेला आणि जाताना भुईआवळ्यालाही घेऊन गेला.

आणि फड्याची भावकी? पालक, बीट, राजगिरा, बोगनवेल! मंडईत राजगिऱ्याची जुडी निवडताना या बांधावरचा फड्या आठवा, चुलत-चुलत का होईना, नातं आहे त्यांचं.