धावा वाचवणारे संघ : येत्या बेसबॉल हंगामाकडे बघताना

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर फेब्रुवारी २०२६ मध्ये केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेर एवढी थंडी असूनही तुम्ही आलात, याचा अर्थ बेसबॉलचं वेड मला एकट्यालाच नाही. फ्लोरिडा आणि ॲरिझोनात सरावशिबिरं सुरू झाली आहेत, मार्चअखेर हंगाम उघडेल. यंदा सुधारणारे संघ कोणते, हा आजचा विषय. यांकीज आणि मेट्स यांच्याबद्दल मी काहीही बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याकडे पैसा आहे, टीव्ही आहे, आणि त्यांच्या टोप्या तर मला इथूनच दिसताहेत. तिसऱ्या रांगेतल्या वहिनींनी तर जर्सीच घातली आहे. वहिनी, तुमचा संघ चांगलाच आहे, पण आज नंबर खालच्या लोकांचा.

विषयाला हात घालण्याआधी एक तक्रार. आयपीएल आठवा. मे महिना लागला की आपल्या घरातली आजीसुद्धा विचारते, ‘मुंबईचा नेट रनरेट किती?’ दोन धावांनी मिळवलेला विजय आणि सत्तर धावांनी मिळवलेला विजय यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. तीच आपली माणसं इथे येतात, दहा-दहा वर्षं बेसबॉल बघतात, आणि तक्त्यात फक्त जिंकले किती, हरले किती एवढंच वाचतात. त्याच तक्त्यात उजवीकडे, अगदी कडेला, एक रकाना असतो : केलेल्या धावा वजा दिलेल्या धावा. फोनवर बघत असाल तर तो स्क्रीनच्या बाहेरच जातो, बोटानं सरकवावा लागतो. कुणी सरकवत नाही! ऑफिसात, पार्टीत, मुलांच्या लिटल लीगच्या मैदानावर मी हे लोकांना सांगत आलो आहे. आज तुम्ही दारं लावून बसला आहात, तेव्हा पुन्हा सांगतो. तो रकाना सरकवून बघा.

कारण १६२ सामन्यांच्या हंगामात एका धावेनं जिंकलेले-हरलेले सामने ढीगभर असतात, आणि त्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्या बिल जेम्स नावाच्या माणसानं यावर एक साधं सूत्र दिलं. खोलीत निम्मे इंजिनिअर आहेत म्हणून सांगतो. केलेल्या धावांचा वर्ग घ्या. त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेनं भागा. आलेल्या आकड्याला १६२ नं गुणलं की संघ साधारण किती सामने जिंकायला हवा होता ते कळतं. पायथागोरसची आठवण व्हावी असं ते दिसतं, म्हणून नावही तेच पडलं.

आता गेल्या हंगामातले दोन संघ घ्या. लॉस एंजेलिस एंजल्स ७२ सामने जिंकले, शिकागो व्हाइट सॉक्स ६०. तक्ता बघणारा म्हणेल, एंजल्स बारा सामन्यांनी बरे. रकाना सरकवा. एंजल्स उणे १६४, व्हाइट सॉक्स उणे ९५. म्हणजे कोण बरं होतं? सूत्रानं व्हाइट सॉक्सचे ७० विजय होतात. हाच संघ २०२४ मध्ये १२१ सामने हरला होता, उणे ३०६ वर होता. एका वर्षात दोनशेहून जास्त धावांची दरी त्यांनी भरून काढली, आणि वर्तमानपत्रांत मथळा काय, तर सलग तिसऱ्या वर्षी शंभरावर पराभव. मथळा खरा आहे, पण त्या संघाचं खरं काय चाललंय ते त्यातून कळत नाही.

आता मी तुम्हाला टॅम्पाला नेणार आहे. संयोजकांनी डोळे मोठे केले तरी नेणार, कारण ही गोष्ट कळली की बाकी सगळं आपोआप कळतं.

२००७ साली मी टॅम्पात नोकरीला होतो. तिथला संघ तेव्हा डेव्हिल रेज या नावानं खेळायचा. खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडून सेंट पीटर्सबर्गला जायचं, आणि तिथल्या त्या बंद घुमटात, ट्रॉपिकाना फील्डवर, हव्या त्या खुर्चीत बसायचं, कारण खुर्च्या रिकाम्याच असायच्या. त्या वर्षी संघ ९६ सामने हरला. धावा केल्या ७८२, दिल्या ९४४. नऊशे चव्वेचाळीस! आणि गंमत बघा, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, वाईट नव्हते. स्कॉट काझमिरनं त्या वर्षी २३९ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू मैदानात मारूच न देता बाद केले. मेजर लीगच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगमध्ये हे सगळ्यांत जास्त. जेम्स शील्ड्सही तिथेच होता. मग धावा जात कुठे होत्या? मैदानावर. चेंडू बॅटला लागून आत आला की तो आउट होईल याची खात्री नसे. आवाक्यातला चेंडू निसटायचा, मग दुसरा बॅटर, मग तिसरा, आणि बिचाऱ्या पिचरचे शंभर चेंडू नऊपैकी पाचव्या इनिंगमध्येच संपायचे.

कुणीही मालक असता तर म्हणाला असता, एखादा मोठा बॅटर आणा. त्यांनी उलट केलं. डेल्मन यंग नावाचा तरुण बॅटर त्यांच्याकडे होता. २००३ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिला खेळाडू, २००७ मध्ये सगळे १६२ सामने खेळलेला. त्याला नोव्हेंबरमध्ये मिनेसोटाला देऊन टाकलं आणि बदल्यात मॅट गार्झा हा पिचर आणि जेसन बार्टलेट हा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, घेतला. टॅम्पात माझ्या ओळखीचे लोक हळहळले होते. बार्टलेटला बॅटिंग कुठे येते, असं विचारायचे. मग थर्ड बेसवरच्या अकिनोरी इवामुराला सेकंड बेसवर हलवलं. इवामुरा जपानमध्ये याकुल्ट स्वॅलोजकडून खेळलेला माणूस, नाव लक्षात ठेवा. थर्ड बेसवर एप्रिलमध्ये इव्हान लोंगोरिया हा नवा मुलगा आला. इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षणाच्या, तीन जागा बदलल्या. संघाच्या नावातला डेव्हिलही गेला, नुसते रेज राहिले.

हे डोळ्यांनी बघण्यासारखं होतं. शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेस यांच्यामधल्या खोल कोपऱ्यात सरपटत चेंडू जायचा. आदल्या वर्षी असा चेंडू गेला की आम्ही नाचोजच्या ताटाकडे वळायचो, कारण बॅटर पोचलाच. आता बार्टलेट तिथे आधीच असायचा. उजव्या पायावर स्वतःला रोखायचा, अंग वळवायच्या आत चेंडू हातातून सुटलेला असायचा, फर्स्ट बेसवर अर्ध्या पावलानं आउट. पिचर पाठ वळवून शांतपणे पुढच्या बॅटरकडे बघायचा. त्या पिचरच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं वरच्या मजल्यावरून दिसायचं. असा चेंडू दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कुठेच येत नाही. होमरन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, नाही, स्ट्राइकआउट नाही, फक्त एक आउट.

२००८ मध्ये रेजनी धावा केल्या ७७४. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा आठ कमी. आणि विजय? ६६ वरून ९७! कारण दिलेल्या धावा ९४४ वरून ६७१ वर आल्या. बॅटला लागलेले चेंडू आउट करण्यात शेवटून पहिला असलेला संघ एका हिवाळ्यात वरून पहिला झाला. स्थानिक पत्रकारांनी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कुणाला निवडलं? बार्टलेटला. अख्ख्या हंगामात त्याचा एक होमरन होता. एक!

ऑक्टोबरात बोस्टनविरुद्ध अमेरिकन लीगच्या विजेतेपदाची मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. गार्झा पिचिंगला, म्हणजे यंगच्या बदल्यात आलेला. आठव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर बोस्टनचे खेळाडू, दोन आउट, आणि बोलावलं डेव्हिड प्राइसला, जो सप्टेंबरमध्ये संघात आलेला पोरगा. त्यानं बोस्टनच्या ड्रूला स्ट्राइकआउट केलं. नवव्या इनिंगचा शेवटचा चेंडू सरपटत इवामुराकडे आला. त्यानं तो उचलला, फेकलाही नाही, स्वतःच धावत, समोरच्या धावणाऱ्याआधी, सेकंड बेसवर पाय ठेवला. ३-१. सामना संपला. जे बदल आदल्या हिवाळ्यात लोकांना कळले नव्हते, ते सगळे त्या एका रात्री मैदानावर उभे होते. पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, फिलाडेल्फियानं जिंकली. इथे दक्षिण जर्सीचे काही लोक टाळ्या वाजवताहेत, वाजवा.

माझं म्हणणं एवढंच आहे. खालचा संघ लवकर वर येतो तो बहुतेक वेळा धावा वाचवून. अगदी अलीकडचं उदाहरण कॅन्सस सिटी रॉयल्सचं. २०२३ मध्ये १०६ पराभव, २०२४ मध्ये ८६ विजय. दिलेल्या धावा ८५९ वरून ६४४. सेथ लूगो आणि मायकल वाका हे दोन अनुभवी पिचर आणले होते. पहिल्या रांगेतले काका मान हलवताहेत, त्यांच्या मनातलं मला कळतंय : टोरंटोचं काय? बरोबर आहे काका. ब्लू जेज २०२४ मध्ये गटात शेवटचे होते आणि २०२५ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात अकरा इनिंगपर्यंत लढले, आणि ते मुख्यतः बॅटिंगवर वर आले. ते मी मान्य करतो. पण त्यांचा पाया आधीपासून होता. तळातून निघालेल्या संघाची गोष्ट वेगळी असते.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. ज्यासाठी तुम्ही आलात ते आता पटापट.

व्हाइट सॉक्स. त्यांचा हिशेब मघाशी झाला. कोल्सन मॉन्टगोमेरी हा त्यांचा तरुण शॉर्टस्टॉप ७१ सामन्यांत २१ होमरन मारून बसला. आता मुनेताका मुराकामी येतोय, दोन वर्षांच्या करारावर. हाही याकुल्ट स्वॅलोजचा, इवामुराच्याच घरातला. २०२२ मध्ये जपानमध्ये ५६ होमरन मारलेला. त्याच्या बॅटबद्दल सगळे बोलतील. तुम्ही त्याला फर्स्ट बेसवर बघा, खाली आलेले थ्रो तो उचलतो का ते बघा. हा संघ प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीला, जाणार नाही, पण सत्तरच्या पुढे जावा असं मला वाटतं.

पिट्सबर्ग पायरेट्स. या संघाचं आपल्याशी नातं आहे. २००८ मध्ये याच संघानं रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं. भारतात झालेल्या वेगवान थ्रोच्या स्पर्धेतून निवडलेली मुलं, ज्यांनी त्याआधी बेसबॉल हातातही धरला नव्हता. रिंकू पुढे काही वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, टिकला. मला या गोष्टीवर खूप बोलायचं होतं, पण घड्याळ समोर आहे. तर पायरेट्स. त्यांची धावांची गळती आधीच थांबलेली आहे. पिचर पॉल स्कीन्सचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे स्वतःच्या खात्यावर दिलेल्या धावा, १.९७, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला, आणि विजय-पराभव किती? १०-१०. असा पिचर दहा सामने हरतो, कारण संघ धावाच करत नाही, होमरन मारण्यात तर तो सगळ्या लीगमध्ये तळाला होता. या हिवाळ्यात ब्रँडन लाव आणि रायन ओ’हर्न आले. एकोणीस वर्षांचा शॉर्टस्टॉप कॉनर ग्रिफिन दार ठोठावतोय. माझी पहिली पसंती हाच संघ. इथल्या मंडळींना पिट्सबर्ग गाडीनं एका दिवसाच्या टप्प्यात आहे, स्कीन्सचा दिवस बघून जा.

ॲथलेटिक्स. ओकलंड सुटलं, लास व्हेगास अजून यायचंय, तोवर मुक्काम सॅक्रामेंटोजवळच्या मायनर लीगच्या मैदानात. बॅटिंग बघत राहावी अशी. निक कर्ट्झनं जुलैत ह्यूस्टनमध्ये एका सामन्यात चार होमरन मारले, सहापैकी सहा हिट. जेकब विल्सनची बॅटिंग सरासरी .३११. पण सातशेच्या वर धावा करून आठशेच्या वर दिल्या. हा २००७ चा टॅम्पा आहे, फक्त पिचिंगच्या बाजूनं. पिचर मिळाले तर हा संघ एकदम उसळेल, नाही तर पुन्हा ७६ विजय.

टेक्सस रेंजर्स. ८१ विजय, ८१ पराभव, आणि रकान्यात अधिक ७९! सगळ्या मेजर लीगमध्ये उत्तम ईआरए, ३.४७. सूत्र म्हणतं नव्वदच्या आसपास विजय हवे होते. काहीही नवीन न करता हा संघ सुधारलेला दिसेल. मायामी मार्लिन्सच्या बाबतीत उलट : १०० पराभवांवरून ७९ विजय, कौतुक सगळीकडे, पण रकाना बराच वजा आहे. तिथे मी पैज लावणार नाही.

आणखी एक, यंदा पहिल्यांदाच बॅटर, पिचर आणि कॅचर यांना अंपायरच्या बॉल-स्ट्राइकवर, म्हणजे न मारलेला चेंडू योग्य टप्प्यात होता की नाही या निर्णयावर, यंत्राकडे दाद मागता येईल, प्रत्येक संघाला दोन संधी. कडेचा चेंडू चलाखीनं आत ओढून स्ट्राइक मिळवणाऱ्या, बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरचं काय होईल, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पुढच्या वर्षी बोलवा.

मागून प्रश्न आला, कोलोरॅडो रॉकीजचं काय. ११९ पराभव, उणे ४२४, दिलेल्या धावा हजाराच्या वर. डोंगरावरच्या विरळ हवेत चेंडू दूर जातो हे खरं, पण एवढ्या धावा हवेमुळे जात नाहीत. हिवाळ्यात संघाचा कारभार पॉल डीपोडेस्टा यांच्याकडे दिला आहे. यंदा त्यांनी दोनशे धावा वाचवल्या तरी ते शेवटूनच मोजावे लागतील. तरीही मे महिन्याच्या मध्यावर त्यांचा रकाना बघा. दर सामन्याला सहाऐवजी पाच धावा जात असतील, तर मला फोन करा.