ऑनर्स कॉलेजची शिष्यवृत्ती: अर्ज नेमका कुठे अडतो

अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठांकडे अर्ज करणारी आपली मुलं हुशार असतात. तरी मोठी शिष्यवृत्ती हातची जाते, कारण मार्कांवर सगळं ठरतं असं घरच्यांनी धरलेलं असतं. प्रवेशाचा अर्ज पाहून विद्यापीठ स्वतःहून देतं ती एक रक्कम, आणि ऑनर्स कॉलेज (विद्यापीठातलाच निवडक विद्यार्थ्यांसाठीचा वेगळा विभाग) आपली माणसं निवडून देतं ती दुसरी. पहिलीत मार्क चालतात. दुसरीत तुम्ही वाचता कसे आणि वाचलेल्यावर बोलता कसे, हे पाहिलं जातं.

टेक्सासमधल्या वेकोचं बेलर विद्यापीठ घ्या. १८४५ साली बॅप्टिस्टांनी स्थापन केलेलं. तिथलं ऑनर्स कॉलेज २००२ सालचं, आणि त्यात चार निरनिराळे अभ्यासक्रम आहेत. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे तिथेही नाव लागलं, असं होत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो. बऱ्याच विद्यापीठांत हा दुसरा अर्ज मुख्य अर्ज पोचल्यावर उघडणाऱ्या विद्यार्थी-पोर्टलवरच दिसतो, आणि ते लॉगिन यायला काही दिवस जातात. मुख्य अर्ज शेवटच्या रात्री पाठवणाऱ्याला तो फॉर्म दिसेपर्यंत मुदत टळून गेलेली असते. म्हणून दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. त्यात आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात. चारही वर्षांची गुणपत्रकं लागतात, तीही दोन कार्यालयांतून, शिक्क्यासह. सुट्टी लागली की कारकून भेटत नाहीत, आणि प्राचार्य तर नाहीच नाही. ही कागदपत्रं सप्टेंबरातच काढून घ्या. टक्के स्वतःच जीपीएत, म्हणजे अमेरिकेतल्या चार गुणांच्या पट्टीत, बसवू नका. बोर्डाने दिलेत तसे लिहा. समुपदेशकाचा फॉर्म ज्युनिअर कॉलेजात प्राचार्यांनी भरला तरी चालतो. क्लासच्या सरांचं शिफारसपत्र शाळा-कॉलेजच्या शिक्षकाच्या पत्राची जागा घेत नाही. मराठी किंवा इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी तुमच्या एका निबंधाबद्दल चार ओळी लिहिल्या, तर ऑनर्सच्या समितीला त्या गणितातल्या पैकीच्या पैकी मार्कांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आता निबंध. कॉमन अ‍ॅपच्या (अनेक विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) मुख्य निबंधाला २५० ते ६५० शब्दांची मर्यादा असते. ऑनर्सचे निबंध वेगळे, आणि ‘तुमच्या विचारावर परिणाम करणारा एखादा ग्रंथ’ अशा वळणाचा प्रश्न त्यांत हमखास निघतो. ‘तुकोबांनी मला समतेची शिकवण दिली’ हे वाक्य खरं असेल, पण त्यात वाचणाऱ्याला धरायला काही नाही. तेच असं लिहा: ‘तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, पण भांडण भक्ती न सोडता. मग तक्रार कुठे संपते आणि अश्रद्धा कुठे सुरू होते?’ पुढे एकच अभंग घ्या, त्यातल्या दोन ओळी उलगडा, आणि तुम्हाला पटलं नाही तेही सांगा. बायबलमधल्या स्तोत्रांतही देवाकडे तक्रार आहे. ती वाचली असतील तर जरूर लिहा. वाचली नसतील तर नाव घेऊ नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

श्रद्धेच्या रकान्यात तर अजिबात सोंग नको. कॅलिफोर्नियातलं बायोला विद्यापीठ पदवीसाठी ख्रिस्ती श्रद्धा मानणारेच विद्यार्थी घेतं. तिथलं टॉरी ऑनर्स कॉलेज कितीही आवडलं तरी ही अट टळत नाही. बेलर इतर धर्मांच्या मुलांना घेतं, पण चॅपलची (ख्रिस्ती प्रार्थनासभेची) उपस्थिती आणि धर्मविषयक अभ्यासक्रम सगळ्यांनाच असतात. ‘मी हिंदू घरातला, आणि हे अभ्यासक्रम मला मनापासून करायचे आहेत, कारण अमुक’ असं सरळ लिहिलेलं उत्तर चालतं. ‘सगळे धर्म एकच’ एवढ्यावर भागवलंत, तर प्रश्न टाळलात असं दिसतं.

काही ठिकाणी शेवटच्या फेरीत टेबलाभोवती बसवून दोन पानांचा उतारा देतात आणि चर्चा करायला लावतात. आपली मुलं इथे एक तर गप्प बसतात, नाहीतर वक्तृत्व स्पर्धेसारखी सुटतात. उताऱ्यातली ओळ दाखवून बोला. शेजारच्याचं म्हणणं आधी थोडक्यात मांडा, मग त्यावर शंका काढा. घरी दोन मित्रांना बसवून चार-पाच वेळा केलं की जमतं.

पैशाचं गणित पत्र हाती आल्यावर. ‘फुल ट्युइशन’ म्हणजे फक्त शिक्षणशुल्क; वसतिगृह, मेस, आरोग्यविमा, पुस्तकं हे सगळं तुमच्या खिशातून. शिष्यवृत्तीतला राहण्या-जेवणाचा भाग एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यासाठी करपात्र धरतात आणि सहसा १४ टक्के आधीच कापून घेतात: १२,००० डॉलर असतील तर १,६८०. आय-२० साठी (व्हिसाकरता विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र) उरलेल्या वर्षभराच्या खर्चाची तजवीज बँकेच्या कागदांनी दाखवावी लागते. फाफसा हा सरकारी मदतीचा फॉर्म परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाही. त्यात वेळ घालवू नका.

जागा पक्की करण्याची नेहमीची तारीख १ मे. त्याआधी शिष्यवृत्तीच्या कार्यालयाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा. ऑनर्सची रक्कम आधीच्या शिष्यवृत्तीत मिळवली जाते, की तिच्या जागी येते? ती टिकवायला जीपीए किती लागतो, आणि एका सत्रात घसरला तर सुधारायला मुदत मिळते का? आणि ऑनर्स सोडून साध्या पदवीकडे वळलं, तर कोणती रक्कम राहते आणि कोणती जाते?