यान बिघडलं, आता चूल पेटवा

नमस्कार श्रोतेहो. आज जरा लांबच्या मुलखात जायचंय. रशियातलं एक आडगाव डोळ्यांसमोर आणा. तीस-पस्तीस लाकडी घरं, निम्म्यांना कुलूप. एक विहीर, एक बंद पडलेली शाळा आणि आठवड्यातून दोनदा किराणा घेऊन येणारी गाडी, तिला तिकडे आफ्तालाव्का म्हणतात. या गावामागच्या बटाट्याच्या वावरात एक यान येऊन आदळतं. आत तिघंचौघं परग्रहवासी. यान काही लवकर दुरुस्त होत नाही, तेव्हा मुक्काम गावातच. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेला एवढं बीज पुरतं. ते रुजतं कसं आणि बऱ्याचदा करपतं का, ते आज बघू.

परग्रहवासी आले म्हणून या गावात कुणी दचकत नाही. तिथे माणसं कमी आणि कामं फार, त्यामुळे आलेल्याला तीन डोळे आहेत की दोन यापेक्षा त्याला लाकडं फोडता येतात का, हा प्रश्न मोठा. रशियन वाचकाला ही तऱ्हा जुनीच आहे. किर बुलिचोव या लेखकानं 1960च्या दशकाच्या अखेरीपासून 'वेलिकी गुस्ल्यार' नावाच्या काल्पनिक गावाच्या कथा लिहिल्या. तिथे परग्रहवासी येतात-जातात आणि गावकरी आपापल्या बांधकामाच्या, रस्त्याच्या कटकटीत असतात. गावाचा नमुना वोलोग्दा प्रांतातल्या वेलिकी उस्त्युगचा. लेखकाचं खरं नाव ईगर मोझेइको, आणि पेशानं हा गृहस्थ ब्रह्मदेशाच्या इतिहासाचा अभ्यासक! दिग्दर्शक गिओर्गी दानेलिया यांनी 1986 साली 'किन-द्झा-द्झा'मध्ये हीच गोष्ट उलटी फिरवली. दोन सोव्हिएत माणसं परग्रहावर अडकतात, आणि तिथे साध्या काडेपेटीतल्या काड्यांना सोन्याचं मोल. कागदाबाहेर बघायचं तर पेर्म प्रांतात सिल्वा नदीकाठी मोल्योब्का नावाचं खेडं आहे. 1980च्या दशकाअखेरीस उडत्या तबकड्यांच्या बातम्यांनी ते देशभर गाजलं, आणि आज गावात परग्रहवासीयाचा लाकडी पुतळा उभा आहे.

आता कळीचा मुद्दा. अशा मालिकेत हसू येतं ते कामाच्या क्रमावर. पाहुण्याला आकाशगंगेचं गणित येतं, पण आधी काय करायचं आणि मग काय, हे येत नाही. गावातल्या प्रत्येक कामाला ठरलेली पायरी असते, ती चुकली की दृश्य आपोआप उभं राहतं. लेखकाला स्वतःलाच ती पायरी माहीत नसेल, तर मात्र उरतात रबरी मुखवटे आणि हसण्याचा ध्वनिमुद्रित आवाज.

चुलीचंच घ्या. रशियन चूल म्हणजे पेच. आपल्या तीन दगडांच्या चुलीचं चित्र पुसून टाका. पेच म्हणजे घरातली खोलीच. लांबी साधारण 165 सेंटिमीटर, रुंदी 127, आणि विटा दीड हजाराच्या आसपास. वीट साडेतीन किलोची, म्हणजे नुसत्या विटाच पाच टनांवर गेल्या. म्हणून चुलीचा पाया घराच्या पायापासून वेगळा घेतात. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, उन्हाळ्यात बसते. दोन्ही पाये जोडलेले असले की घर एकीकडे ओढतं, चूल दुसरीकडे, आणि धुराड्याला तडा जातो. चुलीच्या माथ्यावर झोपायची जागा असते, लेझान्का. म्हाताऱ्या माणसांचा आणि मांजराचा हक्क तिच्यावर.

पेटवायची कशी? आधी धुराड्याचं लोखंडी झाकण काढायचं. त्याचं नाव विउश्का. मग पेटता कागद चुलीच्या तोंडाशी धरायचा. ज्योत आत ओढली गेली की धुराडं खेचतंय. ज्योत बाहेर वळली तर धुराड्यात थंड हवा कोंडून बसलीये, आधी थोडे कागद जाळून ती हलवायची. मग बर्चची सुकी लाकडं चौकटीसारखी रचायची आणि पेटवायची. दोनेक तास जाळ. नंतर निखारे कडेला सारायचे आणि वाट बघायची.

आपला पाहुणा चुकतो तो इथेच. ज्या घरात तो उतरलाय तिथली न्यूरा आजी अंगणात गेलीये. पाहुणा हिशेब करतो: वरच्या भोकातून उष्णता वाया चाललीये, झाकण लावलं तर बचतच बचत. गणित अगदी बरोबर! तो झाकण लावतो. पण निखाऱ्यांवर अजून निळ्या जिभल्या नाचतायत. निळी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड अजून तयार होतोय आणि जळतोय. झाकण लागलं की तो घरात पसरतो. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, मग माणूस झोपतो आणि उठत नाही. रशियन भाषेत या विषबाधेला उगार म्हणतात, आणि खेड्यातल्या प्रत्येक आजीला तिची धास्ती असते. निळी ज्योत पूर्ण विझली, निखारे सोनेरी-लाल आणि शांत झाले, त्यानंतरही थोडा वेळ थांबून मगच झाकण. फार उशीर केला तर ऊब वर निघून जाते. वेळ साधली तर चूल दुसऱ्या सकाळपर्यंत गरम राहते.

म्हणजे आजी दारातून आत येते, एक नजर चुलीकडे टाकते, आणि पाहुण्याला मानगुटीला धरून बर्फात फेकते. "अरे लेकरा, मारशील सगळ्यांना!" त्याला कळत नाही, कारण त्याला काहीच झालेलं नाही. श्रोतेहो, म्हणूनच यांच्या रक्तात हिमोग्लोबिन आहे की नाही, हे पहिल्या भागाआधी ठरवून कागदावर लिहून ठेवावं लागतं. तिसऱ्या भागात धुरानं काही होत नाही आणि नवव्या भागात त्याच धुरानं चक्कर येते, असं झालं की प्रेक्षक लगेच पकडतो.

चुलीचा विषय एवढ्यावर संपत नाही. पाव भाजायला चूल तयार झाली का, हे बघायला तळावर चिमूटभर पीठ टाकतात. पीठ हळूहळू तांबूस झालं तर पाव आत ढकला, लगेच काळं पडलं तर थांबा. बिडाचं भांडं आत-बाहेर करायला लांब दांड्याचा लोखंडी दुबेळका असतो, उख्वात. भरलेलं जड भांडं नुसत्या मनगटावर उचललं की दांडा खाली झुकतो आणि सूप निखाऱ्यावर सांडतं. म्हणून दांड्याखाली लाकडी रूळ ठेवतात, भार त्याच्यावर येतो आणि भांडं घसरत बाहेर येतं. तरफेचा नियम पाहुण्याला पाठ, पण रूळ कुठे ठेवायचा हे आजीच जाणे. काही भागांत जाळ उतरल्यावर चुलीच्या पोटात गवताचा पेंढा अंथरून माणसं आत बसून आंघोळही करत. परग्रहवासीयानं हे पहिल्यांदा पाहिलं तर त्याला काय वाटेल, ते सांगायला नको. चुलीत माणूस घालतात!

कागदपत्रांचा भाग मराठी माणसाला सर्वांत लवकर उमगेल. रशियात नावाच्या तीन रकान्यांतला एक बापाचा: ओत्चेस्त्वो. मुलगा असेल तर बापाच्या नावाला ओविच किंवा येविच, मुलगी असेल तर ओव्ना किंवा येव्ना. आपल्याकडेही मधलं नाव वडिलांचं, फक्त शेपूट नाही. आता पाहुणा जन्मला पेशी फुटून. बापच नाही. कारकून म्हणतो, रकाना मोकळा ठेवता येणार नाही. रशियात देशांतर्गत पासपोर्ट चौदाव्या वर्षी मिळतो, विसाव्या आणि पंचेचाळिसाव्या वर्षी बदलावा लागतो. वय विचारलं, पाहुणा म्हणाला चारशे बारा. मग बदलायचा किती वेळा? शेवटी ट्रॅक्टरवाला पेत्या आपलं नाव देतो, आणि पाहुणा पेत्रोविच होतो. त्यानंतर गावात त्याला सगळे नुसतं पेत्रोविच म्हणतात. खेड्यात नुसत्या बापाच्या नावानं हाक मारणं म्हणजे जवळीक आणि आदर एकदम, जसं आपल्याकडे गावात कुणाला नुसतं अण्णा किंवा तात्या म्हणतात.

भाषेतली एक गंमत सांगून पुढे जातो. "दा न्येत, नावेर्नोये." शब्दशः, "हो नाही बहुतेक." अर्थ: बहुतेक नाहीच. भाषांतर यंत्र तिथे हात टेकतं.

गाड्यांचं थोडक्यात. गावात दोन वाहनं हवीत. एक 'बुखान्का', उल्यानोव्स्कची चारचाकी ओढीची व्हॅन. बुखान्का म्हणजे पावाची लादी, आकारच तसा, 1965 पासून जवळपास तोच. दुसरा मिन्स्कचा 'बेलारूस' एमटीझेड-82 ट्रॅक्टर, सुमारे 80 अश्वशक्तीचा. वसंतात बर्फ वितळतं आणि शरदात पाऊस लागतो, तेव्हा कच्चे रस्ते राबडी होतात. त्या काळाला रासपूतित्सा असं नावच आहे. यान ओढायचं तर पोलादी दोर लागतो, आणि दोराच्या मध्यावर जाड कोट किंवा गोणपाट टाकतात. दोर तुटला तर चाबकासारखा उसळतो, वजनामुळे तो खाली पडतो. हे एवढं दाखवलं की प्रेक्षकाचा विश्वास बसतो. हिवाळ्यातली खोड वेगळी. टाकीत उन्हाळी डिझेल राहिलं असेल तर उणे पाच अंशांच्या आसपास त्यातलं मेण सुटायला लागतं. ट्रॅक्टर सुरू होतो, नळीतलं इंधन संपेपर्यंत दोनचार मिनिटं चालतो आणि बंद पडतो, कारण फिल्टर मेणानं चोंदलाय. पेत्या फिल्टरवर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं टाकतो. शेजारी उभा पेत्रोविच आपल्या यानाकडे बघतो, मग फडक्याकडे. पुढचा संवाद लिहायची गरज नाही.

आता कॅमेऱ्यामागे जाऊ. मॉस्कोच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम सात तासांचा. परग्रहवासीयाचा मुखवटा चेहऱ्यावर चिकटवायला दोन-तीन तास जातात. म्हणजे नटाला काळोखात उठवावं लागतं, नाहीतर रंगभूषा होईपर्यंत ऊन उतरलेलं असतं. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, म्हणून जादाच्या बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. कॅमेरा बाहेरून एकदम उबदार घरात नेला की भिंगावर दव धरतं. तो बाहेर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि आत नेऊन तासदोन तास तसाच ठेवायचा, म्हणजे दव पिशवीवर धरतं.

कोऱ्या बर्फाची खरी चणचण. परग्रहवासी पहिल्यांदा यानातून उतरतो, समोर पांढरं शुभ्र मैदान. नट चुकला, दुसरा टेक, आणि बर्फात आधीच पावलं! झाडूनं ती पुसता येत नाहीत, खुणा राहतात. म्हणून मैदानाचे पट्टे पाडतात. दूरचा शॉट सगळ्यात आधी, मग प्रत्येक टेकला नवा पट्टा. चहावाला, कुत्रा, निर्माता, सगळ्यांना मागच्या वाटेनं. कुत्र्याला हे समजावणं अवघड.

तोंडातून निघणारी वाफ हीही एक बाब. पाहुण्याचं शरीर थंड आहे असं ठरलं असेल तर त्याच्या तोंडातून वाफ निघता कामा नये. जुना उपाय म्हणजे टेकच्या आधी नटानं बर्फाचा खडा चघळायचा. तोंड गार पडतं, काही वाक्यांपुरती वाफ दिसत नाही. लांबलचक संवाद अशा दृश्यात देऊ नयेत. नटाची जीभ बधिर होते, आणि ती बधिर बोली परग्रहवासीयाला शोभली तरी कळत काहीच नाही.

बान्या, म्हणजे रशियन वाफेचं स्नानघर, हा प्रत्येक मालिकेचा हमखास भाग. खऱ्या बान्यात चित्रीकरण करू नये. सत्तर-ऐंशी अंशांच्या दमट हवेत मुखवट्याचा डिंक सुटतो आणि भिंग धुकट होतं. त्यापेक्षा न तापवलेल्या खोलीत धुराचं यंत्र लावायचं आणि अंगावर ग्लिसरीन-पाणी फवारायचं, घाम छान दिसतो. फक्त बर्चच्या डहाळ्यांची जुडी, वेनिक, खरी हवी. ती जूनच्या सुरुवातीला कोवळ्या पानांची तोडून सावलीत वाळवतात आणि वापरण्याआधी पाण्यात भिजवतात. कोरडी मारली तर पानं झडतात आणि हातात काड्या उरतात. पेत्रोविच ती कोरडीच मारणार, हे उघड आहे.

परग्रहवासीयाला दारू पाजून नाचवणं हा या प्रकारातला सर्वांत आळशी विनोद. एका हंगामात एकदा चालेल. दुसऱ्यांदा आला की समजावं, लेखकाकडे गावातली कामं संपली.

पण कामं कुठली संपतायत? बटाटे मे महिन्यात लावतात, बर्चची पानं नाण्याएवढी झाली की. सरीत सत्तर सेंटिमीटर अंतर, रोपांत तीस, आठ-दहा सेंटिमीटर खोल. मग भर देणं. मग कोलोराडो भुंगा. हा पट्टेदार किडा मूळचा अमेरिकेतल्या रॉकी पर्वताकडचा, महासागर ओलांडून आला आणि कायमचा राहिला. पानाखाली नारिंगी अंड्यांचे पुंजके असतात. ते चिरडायचे, भुंगे मिठाच्या पाण्याच्या बरणीत टाकायचे. पेत्रोविच बरणीतल्या भुंग्याशी दोन शब्द बोलतो, हे दृश्य मुद्दाम शांत ठेवावं, मागे संगीत नको.

चित्रीकरणाचं वेळापत्रकही याच वावरावर बेततात. संहितेत दृश्य कुठेही असो, रोपं वीतभर असतानाची सगळी दृश्यं एकदम घ्यायची, फुलोऱ्याची जुलैत, काढणीची ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात. नाहीतर सकाळी कमरेएवढी झुडपं आणि दुपारी उघडी माती, असा घोळ होतो. शेवटच्या भागातलं यानाचं उड्डाणही म्हणूनच सप्टेंबरअखेरीस ठेवतात. पोती तळघरात उतरलेली असतात, वावर मोकळं असतं, आणि ऑक्टोबरचा चिखल अजून सुरू झालेला नसतो, त्यामुळे क्रेन आणि जनरेटर तिथपर्यंत पोचतात. बटाट्यांची चार पोती यानात चढवायची ती खोटीच, आत भुसा भरून. खरी चढवली तर नटांची कंबर धरते, आणि त्या दिवशी टेक एकच असतो.

नमस्कार.